शाळेतलं अंडं आणि आपलं कोलेस्टेरॉल

पोस्ट मोठी झाली आहे, आधीच सांगतो. वेळ नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात: अंड्याबद्दलची जी काही खरी भीती आहे ती तुमच्या-माझ्यासारख्या पन्नाशीच्या, पोट सुटलेल्या माणसांसाठी आहे. आणि अंडं गेलंय ते दुसरी-तिसरीतल्या पोरांच्या ताटातून. बाकी खाली सविस्तर.

निमित्त एका फॉरवर्डचं. आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर, सगळे सोलापूरचेच, निम्मे व्यापारी, निम्मे निवृत्त, कुणीतरी टाकलं की एक अंडं म्हणजे पाच सिगारेटी. त्याखाली नेहमीप्रमाणे हात जोडलेल्या इमोज्यांची रांग. त्यात एकाने लिहिलं, "बरं झालं शाळेतलं अंडं बंद केलं, लहान लेकरांना कशाला कोलेस्टेरॉल." माणूस सज्जन आहे, दानधर्म करणारा आहे. म्हणूनच लिहावंसं वाटलं. वाईट हेतूने कुणी बोललं असतं तर सोडून दिलं असतं.

माझा दवाखाना पूर्व भागात आहे. वीसेक वर्षं झाली. येणाऱ्यांत निम्म्याहून जास्त विड्या वळणाऱ्या बाया आणि त्यांची पोरं, बाकी यंत्रमागावरचे कामगार. सकाळी कारखान्यात विड्या द्यायच्या, पान-तंबाखू घेऊन परत यायचं, स्वयंपाक उरकायचा आणि दिवसभर सूप मांडीवर. त्या घरातलं पोर दुपारी शाळेत जे खातं ते कितीदा त्याचं दिवसातलं सगळ्यात भरपेट जेवण असतं. हे मी पुस्तकातून सांगत नाही.

आधी अंडं बंद झालं म्हणजे नेमकं काय झालं ते नीट समजून घेऊ, कारण ग्रुपवर कुणालाच नीट माहीत नव्हतं. ७ नोव्हेंबर २०२३ ला शासनाने जीआर काढला. शालेय पोषण आहारात आठवड्यातून एकदा अंडं. जे पोर खात नसेल त्याला केळं किंवा तिथं मिळणारं फळ. २३ आठवडे, अंड्यामागे पाच रुपये. म्हणजे वर्षाला एका पोरामागे ११५ रुपये. लगेच विरोध सुरू झाला. जानेवारी २०२४ मध्ये सूचना आली की शाळेतल्या ४० टक्के पालकांची हरकत असेल तर त्या शाळेत अंडं नको. म्हणजे साठ टक्के घरांना चालत असलं तरी नको. आणि मग २८ जानेवारी २०२५ चा जीआर. अंड्यासाठी शासन वेगळा पैसा देणार नाही, नाचणी सत्त्वात घालायच्या साखरेसाठीही नाही. द्यायचंच असेल तर शाळा व्यवस्थापन समितीने लोकवर्गणीतून द्यावं. वाचले किती? बातम्यांत आकडा आला होता, वर्षाला सुमारे ५० कोटी.

बघा, अंडं "बंद" असं कुठंच लिहिलेलं नाही. बंदी घातली असती तर निदान भांडता तरी आलं असतं. फक्त पैसा काढून घेतला.

आता अंड्याकडे येऊ.

साधारण पन्नास-पंचावन्न ग्रॅमच्या अंड्यात सहा ग्रॅमच्या आसपास प्रथिनं, पाच ग्रॅम चरबी आणि सत्तरेक कॅलरी असतात. कोलेस्टेरॉल पावणेदोनशे ते दोनशे मिलीग्रॅम, सगळं बलकात. पण अ जीवनसत्त्व, बी-१२, कोलीन हे सगळंही त्या बलकातच आहे. त्यामुळे पिवळं टाकून पांढरं पोराला भरवणाऱ्या आया भेटतात तेव्हा मी हात जोडतो. बाई, जिमवाल्याचं डाएट पोराला नको.

आपल्याकडे प्रथिनं नाहीतच असं नाही. ज्वारीची भाकरी, डाळ आणि शेंगाची चटणी यांवर सोलापूर जिल्हा पिढ्यान् पिढ्या उभा आहे आणि त्या जेवणाला नावं ठेवणाऱ्यातला मी नव्हे. पण ज्वारीच्या प्रथिनात लायसिन नावाचा एक घटक कमी पडतो. भाकरीबरोबर डाळ भरपूर असेल तर ती कमतरता भरून निघते. असेल तर! वाटीत डाळीचं पाणी आणि तळाशी चार दाणे असतील तर कसली भरतेय. शिवाय बी-१२ ज्वारीत नाही, डाळीत नाही, शेंगदाण्यातही नाही. ते दूध, अंडी, मासे, मटण यातूनच येतं. दुधाचं म्हणाल तर विडी कामगाराच्या घरात अर्धा लिटर येतं, त्याचा पाच जणांचा चहा होतो.

शालेय पोषण आहारात पहिली ते पाचवीच्या पोराला एका जेवणात १२ ग्रॅम प्रथिनं मिळावीत असा केंद्राचाच निकष आहे. सहावी ते आठवीला २० ग्रॅम. १२ पैकी सहा एकट्या अंड्यातून येतात, आणि मुख्य म्हणजे अंड्यात पाणी घालून वाढवता येत नाही. डाळीत येतं. पोषण आहार जवळून पाहिलेल्या कुठल्याही शिक्षकाला विचारा, अंड्याचं खरं मोठेपण हेच आहे. मोजून द्यावं लागतं. साठ पोरं तर साठ अंडी.

एक गोष्ट मात्र अंडंवालेही उगाच ठोकतात. अंड्याने रक्त वाढतं म्हणे. अंड्यात लोह आहे, पण ते शरीर फारसं शोषून घेत नाही. पंडुरोग झालेल्या पोराला नुसती अंडी देऊन हिमोग्लोबिन चढणार नाही. त्याला लोहाच्या गोळ्या लागतात, जंताचं औषध लागतं, पालेभाजीवर लिंबू पिळून द्यावं लागतं. आणि आठवड्याला एक अंडं म्हणजे कुपोषणावरचा रामबाण, असंही कुणी समजू नये. दोन-अडीच वर्षांच्या आत खुंटलेली उंची आठव्या वर्षी अंडं खाऊन फारशी परत येत नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रात पाच वर्षांखालच्या शंभर मुलांतली ३५ वयाच्या मानाने बुटकी निघाली आणि ६९ मुलांना रक्तक्षय. हीच मुलं आज शाळेत बसली आहेत. आठवड्याला एक अंडं हे त्यांच्यासाठी खूप नव्हतं, थोडंसं होतं. तेही काढलं.

आता भीतीचं बोलू. ती अगदीच हवेतून आलेली नाही.

१९१३ साली रशियात अनिचकोव्ह नावाच्या संशोधकाने सशांना कोलेस्टेरॉल खाऊ घातलं आणि त्यांच्या रक्तवाहिन्यांत चरबीचे थर जमले. काम मोठंच होतं, पण ससा पडला पाला खाणारा प्राणी. कोलेस्टेरॉल पचवायची त्याच्या शरीराला सवयच नाही. पुढे १९६८ मध्ये अमेरिकन हार्ट असोसिएशनने सांगितलं की आठवड्याला तीनपेक्षा जास्त बलक खाऊ नका. तो आकडा जगभर गेला, तसा आपल्याकडेही आला, आणि आपल्याकडे एकदा आलेला आकडा परत जात नाही. खुद्द अमेरिकेने २०१५ च्या आहार मार्गदर्शक सूचनांत रोज ३०० मिलीग्रॅमची कोलेस्टेरॉलची मर्यादा काढून टाकली. कारण रक्तातलं बहुतेक कोलेस्टेरॉल आपलं लिव्हरच बनवतं. तुम्ही जास्त खाल्लं की बहुतेकांचं लिव्हर हात आखडतं. रक्तातलं वाईट कोलेस्टेरॉल वाढवण्यात वनस्पती तूप, पुन्हापुन्हा तापवलेलं तेल, बेकरीचा माल यांचा हात जास्त.

तरी सगळं आलबेल आहे असं म्हणणार नाही. २०१९ मध्ये अमेरिकेतल्या सुमारे तीस हजार प्रौढांच्या माहितीवरून एक अभ्यास आला, जास्त अंडी खाणाऱ्यांत हृदयविकार थोडा जास्त दिसला. पुढच्याच वर्षी दोन लाखांहून जास्त लोकांचा अभ्यास आला, रोज एका अंड्यापर्यंत काही संबंध दिसला नाही. शास्त्रात असं चालतं. मधुमेह असेल, घराण्यातच कोलेस्टेरॉल वाढण्याचा आजार असेल, हार्टचं काही होऊन गेलं असेल, तर रोज दोन-तीन आमलेटं हाणू नका, आपल्या डॉक्टरला विचारा. मी स्वतः मधुमेही आहे. आठवड्याला तीन-चार उकडलेली अंडी खातो आणि शांत झोपतो. पण रात्री साडेदहाला गाडीवर उभं राहून चार अंड्यांची बुर्जी, त्यावर बटर, बटरमध्येच परतलेले सहा पाव, आणि घरी येऊन "अंड्याने कोलेस्टेरॉल वाढलं" म्हणायचं, हे चालणार नाही. बिचाऱ्या अंड्यावर आळ घेऊ नका.

हे सगळे अभ्यास कुणाचे? प्रौढांचे. चाळीस-पन्नास-साठ वर्षांच्या, पोटभर आणि पोटाबाहेर खाणाऱ्या माणसांचे. विडी घरकुलातल्या सतरा किलोच्या आठ वर्षांच्या पोरीला त्यातलं काहीही लागू नाही. तिच्या वयात कोलेस्टेरॉल शरीराला लागतं, पेशींची आवरणं बनायला लागतं, मेंदू आणि मज्जातंतूंना लागतं. अशी एक पोर मागच्या पावसाळ्यात आली होती. दर पंधरा दिवसांनी खोकला-ताप. आई म्हणाली, टॉनिक द्या डॉक्टर, चांगलं भारीतलं. दोनशे रुपयांचं टॉनिक ती उसनवारी करून घेणार होती. मी म्हटलं, त्या पैशांत तीस अंडी येतात, एक दिवसाआड दे, दोन महिने पुरतील. तर म्हणे, अंड्याने उष्णता होते ना वो. पोरीचं तोंड येतं.

उष्णतेचं आपल्याकडे पक्कं बसलंय. सोलापूरचा मे महिना ४३-४४ अंशांचा, त्यामुळे साहजिक वाटतं. पण अंडं उष्ण पडून तोंड येतं याला आधार नाही. उन्हाळ्यात अंड्याचा खरा प्रश्न वेगळा आहे, ते लवकर खराब होतं. पत्र्याच्या खोलीत चार दिवस ठेवलेला ट्रे, तडा गेलेली अंडी, अर्धकच्चं उकडणं, इथं साल्मोनेला सारखे जंतू येतात आणि जुलाब-उलट्या होतात. पाण्यात टाकून तरंगलं तर अंडं जुनं झालं समजावं. तालमीतली पोरं कच्चं फोडून दुधात घालून पितात, त्यांनाही सांगणं आहे: शिजवलेल्या अंड्यातलं प्रथिन अंगी जास्त लागतं, कच्च्यात कमी. वस्तादांना राग येईल, येऊ दे. काही लहान मुलांना अंड्याची ॲलर्जी असते, अंगावर गांधी उठतात, धाप लागते. त्यांना अजिबात देऊ नये. बहुतेकांची ती वय वाढेल तशी जाते. आणि पोल्ट्रीतल्या अँटिबायोटिक्सचा प्रश्न खरा आहे. कोलिस्टिनसारखं औषध कोंबड्यांना देण्यावर केंद्राने २०१९ मध्ये बंदी आणली ती उगाच नाही. त्यावर तपासणी कडक करा म्हणून ओरडू या, मी पुढे असेन. पण भाज्यांवर फवारण्या होतात म्हणून आपण शाळेतली भाजी बंद केली नाही. (गावरान अंडं दुप्पट भावाने घेणाऱ्यांसाठी: कवच तांबडं असलं म्हणून आत वेगळं काही नसतं. चवीसाठी घ्या, पोषणासाठी नको.)

या सगळ्यात आपल्या जिल्ह्याला जे सगळ्यात जास्त झोंबायला हवं, ते सांगतो. अक्कलकोट तालुक्याची हद्द संपली की पलीकडे कलबुर्गी आणि विजयपुरा जिल्हे लागतात. भाषा तीच, ज्वारी तीच, दुष्काळ तोच, सोयरीकसुद्धा आरपार. कर्नाटकाने २०२१ च्या अखेरीस सरकारी शाळांत अंडं सुरू केलं ते याच मागास पट्ट्यातून, यादगीर, कलबुर्गी, बिदर, रायचूर, कोप्पळ, बळ्ळारी, विजयपुरा. काही मठाधीशांनी कडाडून विरोध केला. एका शाळकरी पोरीने त्यांना जाहीर उत्तर दिलेला व्हिडिओ तेव्हा भरपूर फिरला. सरकार बधलं नाही. खात नाहीत त्यांना केळं किंवा शेंगाची चिक्की. पुढे सगळ्या राज्यात गेलं. २०२४ पासून अझीम प्रेमजी फाउंडेशनच्या पैशाच्या जोरावर तिथं आठवड्यातून सहा दिवस अंडं मिळतं. पक्षाचं म्हणाल तर सुरू झालं तेव्हा तिथं भाजपचं सरकार होतं, वाढवलं काँग्रेसच्या सरकारने. म्हणजे यात पक्ष आणायचं कारण नाही.

तमिळनाडूत तर १९८९ पासून शाळेत अंडं आहे. आंध्र आणि तेलंगणातही आहे. आमच्या पूर्व भागातल्या पद्मशाली घरांची निम्मी पाहुणेमंडळी तेलंगणात. मामाच्या पोराला शाळेत अंडं मिळतं आणि आत्याच्या पोराला सोलापुरात मिळत नाही, एवढा साधा फरक आहे. तमिळनाडू, कर्नाटक गरीब राज्यं नाहीत म्हणाल, तर महाराष्ट्र कधीपासून गरीब झाला?

आणि आपल्याच राज्यात बघा. डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजनेत आदिवासी भागातल्या गरोदर मातांना आणि अंगणवाडीच्या लेकरांना अंडी देतात, शासनाच्याच पैशाने. म्हणजे अंड्याचा उपयोग शासनाला मान्य आहे. मेळघाटात चालतं ते मोहोळला आणि अक्कलकोटला का चालू नये?

आता शाकाहाराचं. या विषयावर टिंगल करणाऱ्यांचं मला पटत नाही. पंढरपूर आपल्याच जिल्ह्यात आहे. गळ्यात माळ असलेली घरं आहेत, लिंगायत घरं आहेत, जैन, मारवाडी, ब्राह्मण घरं आहेत. त्यांच्या पोराच्या ताटात अंडं कुणी लादलं तर मीच पहिला भांडेन. त्याच डब्यात, त्याच डावाने वाढणं नको ही मागणीसुद्धा रास्त आहे. वेगळं पातेलं ठेवा. श्रावणात देऊ नका, हरकत नाही, आमच्याकडे मटण खाणारी घरंसुद्धा श्रावण पाळतात. पण "मी खात नाही" आणि "माझ्या पोराच्या शेजारच्यानेही खाऊ नये" यात फरक आहे. ४० टक्क्यांच्या नियमाने तो फरकच पुसला. शेजारच्या पोराच्या ताटात काय असावं यावर मतदान कधीपासून घ्यायला लागलो आपण? आणि व्यवहारात बघा, बैठकीला येऊन लेखी हरकत कोण नोंदवणार, आणि दिवसाची मजुरी बुडवून "आमच्या पोराला द्या" म्हणायला कोण येणार?

शाकाहारी पोरांच्या बाजूने एक तक्रार मात्र माझीही आहे. अंड्याऐवजी केळं हा सौदा त्यांच्यासाठी तोट्याचा होता. केळ्यात प्रथिन जेमतेम एक ग्रॅम. गोड आहे, पोट भरतं, पण अंड्याची बरोबरी नाही. त्यांना एक ग्लास दूध आणि शेंगाचा लाडू असं काहीतरी द्यायला हवं होतं. सोलापुरात शेंगा कमी आहेत का? शाकाहाराच्या नावाने एवढा आवाज झाला, पण त्या आवाजात एकानेही शाकाहारी पोरासाठी दूध मागितलेलं मी ऐकलं नाही. सगळा जोर दुसऱ्याचं अंडं काढण्यावर.

राहिली लोकवर्गणी. शब्द छान आहे. लोकवर्गणीतून आपल्याकडे देवळं उभी राहिली, शाळाही राहिल्या. पण हिशोब करा. सत्तर पोरांची जिल्हा परिषदेची शाळा, त्यातली समजा पन्नास अंडं खाणारी. आठवड्याला एक, २३ आठवडे, म्हणजे १,१५० अंडी. सात रुपयांनी धरलं तर आठ हजार पन्नास रुपये, वर वाहतूक आणि गॅस. ज्या गावात ऊस आहे, दोन-चार बागायतदार आहेत, तिथं ही रक्कम एका वाढदिवसात निघेल. जिथं निम्मं गाव दिवाळीनंतर ऊसतोडीला जातं तिथं वर्गणी कुणाकडून मागायची? म्हणजे अंड्याची गरज सगळ्यात जास्त जिथं, तिथंच ते मिळणार नाही अशी ही व्यवस्था आहे. गुरुजींनी आधीच माहिती भरून भरून बोटं झिजवली आहेत, आता त्यांनी पावतीपुस्तक घेऊन दारोदार फिरायचं.

माझी मागणी सरळ आहे. ते ५० कोटी परत द्या, आठवड्याला एक नाही तर निदान दोन अंडी द्या, आणि न खाणाऱ्यांना दूध द्या. आमदार-खासदार कुठल्याही पक्षाचे असोत, पुढच्या वेळी दारात आले की रस्ता-गटारीबरोबर हेही विचारा.

तोवर जीआरनेच शाळा व्यवस्थापन समितीला अधिकार दिलाय, तो वापरा. ग्रुपवरच्या आमच्या व्यापारी मंडळींनी, आणि वाचणाऱ्या इतरांनीही, एकेक शाळा घ्यायला हरकत नाही. रोख देऊ नका, ट्रे द्या, थंडीच्या महिन्यांपासून सुरू करा, अंडी त्याच दिवशी आणून त्याच दिवशी पूर्ण उकडा, स्वयंपाकाच्या ताईंना गॅसचे वेगळे पैसे द्या. ॲलर्जीचं आधी पालकांना विचारून घ्या. आणि समितीची बैठक संध्याकाळी सातनंतर ठेवा. दिवसा ठेवली तर जिच्या पोरासाठी हे चाललंय ती आई येऊच शकत नाही, तिच्या हजार विड्या पुऱ्या व्हायच्या असतात.